समोरच्या गच्चीवरचा नेम

वर्तमानकाळाचे अस्तित्वच अमान्य करणारा एकमेव सज्ञान नागरिक पांढुर्ण्यात राहतो, आणि तो नेमका माझ्याच घरासमोर राहतो. वय चाळिशीचे, व्यवसाय संगणकावरचे खेळ रचण्याचा. "काका, वस्तू जिथं दिसते तिथं नेम धरला का गेलाच वाया," हे त्याचे पहिले कलम. वस्तूचा वेग घ्यावा, फेकलेले पोचायला लागणाऱ्या वेळेने गुणावा आणि तितके पुढे मारावे, हे दुसरे. तिसरे कलमच नाही. सौंसरची बस दिसली की हा गृहस्थ तिच्याकडे न धावता भलत्याच बाजूला धावतो, आणि बस मुकाट त्याच्यापुढे येऊन थांबते. लोधीखेड्याच्या एका लग्नात मात्र जिलेबी आपल्यापर्यंत पोचण्याचा क्षण हेरून याने भात घाईने संपवला, पान मोकळे केले, आणि वाढपी मध्येच व्याह्यांकडे वळला. "त्यानं वेग बदलवला," एवढेच हा रिकाम्या पानाकडे बघत म्हणाला.

त्याच्या नव्या खेळात जाम नदीच्या अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव. पण दरवर्षीच्या गोटमारीत ही दोन गावे एकमेकांवर भिरकावतात त्या दगडगोट्यांऐवजी दोन्ही काठांवरून संत्री सुटतात. गोट्यांविरुद्ध मी आयुष्यभर अर्ज केले असल्याने या कल्पनेला माझी हरकत नव्हती. हरकत होती सरावाला. रोज सकाळी मी टपालपेटीकडे निघालो की गच्चीवरून एक संत्रे सुटे आणि माझ्या खांद्यावरच्या उघड्या पिशवीत येऊन पडे. "मी सजीव व्यक्ती आहे, लक्ष्य नव्हे! फौजदारी करीन!" मी गरजलो.

"कायले तापता काका? अख्ख्या गावात एका चालीनं चालणारे तुमीच. बाकीचे तंबाखूचा खर्रा खायले थांबतात."

नोटीस मी बजावलीच. चाल मात्र त्याच्यासाठी तसूभरही बदलली नाही.

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी संत्रे माझ्या बरेच पुढे, रस्त्यावर जाऊन फुटले. "सूत्र चुकले!" मी विजयाने ओरडलो. तो अनवाणी धावत खाली आला.

"सूत्र नाई चुकलं. परवापासून पाहून राहिलो, तुमीच मागं पडून राहिले. नागपूरले चला, डॉक्टरले दाखवू."

"माझ्या संमतीवाचून मला कोठेही नेता येत नाही."

"मंग द्या ना बाप्पा संमती!" त्याचा आवाज चिरकला. मी ती तोंडी दिली, आयुष्यात प्रथमच.

हृदयाच्या नळीत अडथळा निघाला. आणखी थांबला असतात तर, असे म्हणून डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडले.

आता मी पुन्हा टपालपेटीपर्यंत जातो, काठी टेकत. संत्रे तो हलकेच सोडतो, पण ते रोज माझ्यापुढेच पडते. "माझा वेग घटला आहे, आकडा दुरुस्त करावा," असे मी त्यास रीतसर लेखी कळवले.

"नाई करत," तो वरून म्हणाला. "मी जुनीच चाल धरीन. तुमी पोचा."

अंतर अजून पुरते मिटलेले नाही, पण मी ते मिटवणार आहे. तोवर वर्तमानकाळ न मानणारा तो मनुष्य, मी वाकून फळ उचलेपर्यंत, कठड्याशी जागचा हलत नाही.