कोळशाचे डोळे

माझं अक्षर किरटं आहे आणि शाळा चौथीतच सुटल्यामुळे लिहिताना चुका होतात, त्याबद्दल आधीच माफी मागते. चारचौघांत बोलायला मला धीर होत नाही. पण आनंदीवहिनींबद्दल कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

लालबागच्या चाळीत त्या आमच्या शेजारी राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात त्यांचे यजमान गोळी लागून गेले. तेराव्यानंतर वहिनींनी शेगडीतला विझलेला कोळसा उचलला आणि गॅलरीच्या भिंतीवर एक बाई काढली. कपाळावर, तळहातांवर, पावलांवर, तिला सगळीकडे डोळेच.

"इतके डोळे कशाला हो, वहिनी?" मी विचारलं.

"ह्ये येताना दिसाक होये मा?" यजमान अजून घरी यायचेच आहेत अशा थाटात त्या म्हणाल्या.

भिंत भरत गेली. वहिनींचं जेवण सुटलं, झोप सुटली. चाळीतल्या बायका म्हणू लागल्या, "देवीनेच हात धरलाय तिचा." भिंतीपुढे उदबत्त्या, नारळ, पैसे येऊ लागले. "मी देवी नाय गे," वहिनी सांगत. पण ऐकतंय कोण! लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. मीही नवस बोलून सव्वा रुपया ठेवला.

एके दिवशी भिंतीवरच्या डोळ्यांतून लाल ओघळ आले. कुंकू समजून आम्ही हात जोडले. वहिनींना भेटायला आलेल्या त्यांच्या भावाने मात्र त्यांची रक्ताळलेली बोटं आमच्यापुढे धरली. कोळसा संपल्यावर त्या नखांनीच भिंत कोरत होत्या.

"हिका डॉक्टर होयो, नारळ नको!" तो ओरडला आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेला.

वहिनी परतल्या तेव्हा माझा मुलगा रांगत होता. त्या शांत झाल्या होत्या. भिंतीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "किती भियाली गे ही बाई." मागे बायका ओटी घेऊन उभ्या होत्याच.

मग खानावळीत भाकऱ्या थापून त्या एकेकीचे पैसे परत करू लागल्या. देवापुढचं परत घ्यायचं नसतं, म्हणून बायका दारं लावून घेत. "तुमी माका देव केलात," वहिनी दाराबाहेरून म्हणत, "आता माणूस करा."

हळूहळू सगळ्यांनी घेतले. मी एकटी उरले. नवस मोडला आणि मुलाला काही झालं तर? त्याला पदराखाली धरून मी मागे सरले.

वहिनी उंबऱ्याबाहेरच बसल्या. "पोरगो तू जल्माक घातलंस गे बाय. माझ्या कोळशान नाय."

त्यांनी पैसे धरलेला हात पुढे केला होता. नखं पुन्हा नीट आलीच नव्हती.

मी पोराला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सव्वा रुपया परत घेतला.