भागीरथावहिनींचा डावा अंगठा

गावात माझी ओळख चिडकी सिस्टर अशी आहे, आणि ती खोटी नाही. बाळाचा डोस चुकवलेल्या आईला मी भर बाजारात अडवते. मला पाहिलं की गडी विड्या लपवतात. मी अकीला, मूळची पांढरकवड्याची. मुकुटबनजवळच्या या गावातल्या उपकेंद्रात अकरा वर्षं नर्स आहे. एवढ्या वर्षांत मी कोणाला घाबरून गप्प बसले नाही. एकदाच बसले, ते भागीरथावहिनींच्या घरी, आणि ते मला अजून खुपतं.

वहिनी आणि बबनराव हे माझ्या खोलीशेजारचं जोडपं. त्यांची आठ एकराची शेती, कापूस आणि तूर. वहिनी अंगानं काटक आणि चालायला भारी चपळ. लग्नानंतर पहिल्यांदा शेतात निघाल्या तेव्हा डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन नवऱ्याच्या पुढे निघून गेल्या. नव्या नवरीनं असं पुढे चालायचं नसतं म्हणून सासूनं त्यांना तेव्हा चांगलंच झापलं होतं. बबनराव हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि वहिनी आतून ओरडायच्या, "पुरे करा आता!"

मी आले तेव्हा मात्र त्या लंगडत होत्या. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेनं मांसात रुतलं होतं. कडा लाल, पाय टेकला की कळ. दोघं शेतात निघाले की बबनराव पुढे आणि त्या दहा पावलं मागे. नाल्यापाशी गेले की ते थांबायचे आणि उगाच धुरा, म्हणजे शेताचा बांध, बघत उभे राहायचे, बायको पोचेपर्यंत.

मी पाय पाहिला आणि माझं डोकं फिरलं. वहिनींनी ब्लेडनं नखाचे कोपरे गोल कोरून काढले होते, वर बिबा लावून कातडी भाजून घेतली होती.

"हा उपाय कोणी सांगितला?" मी विचारलं.

"कोणी नाही. मीच केला," त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मीठ घालून पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवायचा, नंतर चांगला कोरडा पुसायचा. नख मऊ असताना कापसाची बारीक वात कोपऱ्याखाली हलकेच सरकवायची, म्हणजे नख मांसाच्या वरून वाढतं. वात रोज बदलायची. नख कापायचं ते सरळ, कोपरा कधी कोरायचा नाही. वेचणीला जाताना घालायचे ते प्लास्टिकचे घट्ट बूट बंद. पू दिसला, लाली वर चढली किंवा साखरेचा आजार असला तर घरी काही करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. वहिनींची साखर मी तपासली, ती ठीक होती.

ही कामं बबनरावांनी स्वतःकडे घेतली. वहिनींना वाकून वात सारता येत नसे. दिवेलागणीला ते दार लोटून घेत, कारण बायकोचा पाय मांडीवर घेतलेला नवरा गावानं पाहिला असता तर वर्षभर तोच विषय झाला असता. वहिनी आधी "पाप लागते" म्हणत पाय ओढून घ्यायच्या, आणि सगळं झालं की नवऱ्याच्या पायाला हात लावून हिशोब मिटवायच्या. वात असायची घरच्या कापसाची. मी पाकिटातला स्वच्छ कापूस आणा म्हटलं तर बबनराव म्हणाले, "सिस्टर, साऱ्या दुनियेले आमी कापूस पुरवतो, अन् मी पाकिट आणू?" मी रागावले तेव्हा कुठे आणला.

महिनाभरात पाय उतरायचा. दोन महिन्यांत पुन्हा सुजायचा. असं चार वर्षं चाललं. याचं कारण मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. अंगठ्याशेजारच्या बोटात सासूनं घातलेली चांदीची जाड जोडवी होती. त्यांची कड दिवसरात्र अंगठ्याचं मांस नखावर दाबत होती. ती काढल्याशिवाय आमचं मीठपाणी आणि वाती सगळं वाया होतं.

चौथ्या वर्षी एकदा मी साबण हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, पाय बरा होईपर्यंत जोडवी काढून ठेवू का?"

त्यांचा चेहरा उतरला. नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "सिस्टर, थे सोडून काहीबी सांगा. हे आहेत तवर थे निघत नाही."

"अवं, मीच म्हणून राह्यलो ना, काढ," बबनराव म्हणाले. "मले काई होत नाही."

"तुमी बोलू नोका!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मी साबण खाली ठेवला.

बबनराव मला फाटकापर्यंत सोडायला आले. "सिस्टर, तुमी जोर देऊन सांगा ना. माह्यं आयकत नाही, तुमचं आयकते. तिले त्रास होते थे मले पाहवत नाही."

मी म्हणाले, "भाऊ, मी मुसलमान, आमच्या घरात कोणी जोडवी घालत नाही. मी एका सवाष्णीची जोडवी उतरवली आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर गाव माझ्याकडे बोट दाखवेल."

त्यांनी मान हलवली. "तुमचंबी बरोबर आहे," म्हणाले आणि आत गेले. माझं बरोबर नव्हतं. मी भ्याले होते, आणि भीतीला मी शहाणपणाचं नाव दिलं. त्यानंतर तो विषय मी पुन्हा काढला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात बबनराव शेतातून आले, छातीत कळ येते म्हणाले आणि ओसरीवर आडवे झाले. मी धावत गेले. गाडी बोलावली, पण ती जेमतेम गावाच्या वेशीपर्यंत आली. त्या आधीच सगळं संपलं होतं.

दुपारी बायकांनी वहिनींना मधे बसवलं. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. उजव्या पायातली जोडवी निघाली. डाव्या पायातली निघेनात, बोटाचा सांधा सुजला होता. एक म्हातारी ओढायला लागली तशा वहिनी कळवळल्या. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सिस्टरले बोलवा."

मी गेले. साबण लावला, बोटाला दोरा गुंडाळला आणि हळूहळू जोडवी सोडवली. दोन मिनिटं लागली. हेच हात, हाच साबण. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी मान वर केली नाही.

अडीच महिन्यांनी त्या उपकेंद्रात आल्या आणि पाय पुढे केला. नख सरळ आलं होतं. सूज नाही, लाली नाही. आधी चार वर्षं आणि मी तो विषय सोडल्यावर आणखी पाच वर्षं ज्याच्यासाठी बबनरावांनी गुडघे मोडले, तो अंगठा कोणी हात न लावता बरा झाला होता.

"आता झपाझप चालते मी," वहिनी म्हणाल्या. "नाल्यापाशी कोणी थांबत नाही. मले नोको हा पाय, सिस्टर." आणि ढसाढसा रडल्या. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

गेल्या महिन्यात त्या सुनेला घेऊन आल्या. मुलगा आयुष, त्याची बायको प्रेरणा, लग्नाला वर्षही नाही झालेलं. प्रेरणा लंगडत होती. अंगठ्याची कड लाल, शेजारच्या बोटात घट्ट जोडवी. मी पाहिलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा तीच जुनी भीती आड आली.

तेवढ्यात वहिनी खाली बसल्या. "सिस्टर, साबण द्या."

प्रेरणानं पाय मागे घेतला. "आई, नोको ना. ह्यायले काई झालं तर?"

"मी एक दिवस नाही काढले," वहिनी म्हणाल्या. "नऊ वर्षं दुखला तरी नाही काढले. मंग आयुषचे बाबा राह्यले का?"

प्रेरणा रडायला लागली, पण पाय तिनं पुन्हा ओढला नाही. वहिनींनी साबण लावून, जराही न दुखवता, एकेक जोडवं काढलं आणि पदराच्या टोकाला बांधलं. "पाय बरा झाला की सैल करून घालजो. नाही घातले तरी चालते."

मग माझ्याकडे वळल्या. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, तवा तुमी एकडाव जोरात सांगाले पाहिजे होतं."

"हो वहिनी," मी म्हणाले. "पाहिजे होतं."

त्यांनी मान डोलावली. मी मीठपाणी कोमट करायला उठले.