परवानगी डिरेक्टरीची

नोकरीसाठी मस्कतला निघालेल्या माणसाला आमच्या कारखान्याने अडवून धरलं होतं आणि त्याला सोडवणं माझ्या हातात होतं.

तो पाचूबंदरचा, मी माणिकपूरची. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा वसईच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. पगाराचे सगळे प्रोग्राम त्याने लिहिले, मला शिकवलंही त्यानेच. मी त्याला दादा म्हणायची. त्या दिवशी रात्रीचं विमान होतं, पण साहेबांनी त्याला नोकरीतून मोकळं करणाऱ्या रिलीझच्या कागदावरची सही रोखली होती. फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं एक सॉफ्टवेअर नुकतंच आलं होतं. दादाचे सगळे प्रोग्राम माझ्या लॉगिनवरून त्यात घालून दाखवा, मगच सही, असा त्यांचा हट्ट.

मी कमांड दिली. पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. दादाने एकेक फाइल तपासली. वाचायला, लिहायला सगळ्या सगळ्यांना खुल्या होत्या. मग त्याने स्वतःच्या लॉगिनवरून एक फाइल घातली आणि ती मुकाट आत गेली.

तिथेच सगळं बिघडलं.

“तुमच्या हातून चालतं, हिच्या हातून नाही,” साहेब म्हणाले. “किल्ली खिशात घालून चाललात म्हणा की.”

दादाचा चेहरा उतरला. “साहेब, कोनाची पन शपथ घेतो, मी काय लपवलेलं नाय.”

तेवढ्यात फोन आला, त्याच्या घरचा निरोप: रोझरीची प्रार्थना संपली, गाडी दारात उभी आहे. मला साहेबांची भयंकर चीड आली होती. त्याहून जास्त भीती वाटत होती, की माझ्यामुळे याचं विमान चुकणार.

फाइली खुल्या आहेत, मग अडतंय कुठे? हे सॉफ्टवेअर जुन्या फाइलीशेजारी तिच्या इतिहासाची एक नवी फाइल तयार करतं. नवी! आमच्या वाडीत कुणीही यावं, विहिरीचं पाणी न्यावं. नवं रोप लावायचं तर मात्र माझ्या बापाला विचारावं लागे.

“दादा, फाइली सोड, डिरेक्टरी बघ!”

फाइली ज्यात ठेवल्या होत्या त्या डिरेक्टरीत शिरायला आणि वाचायला सगळ्यांना मुभा होती, लिहायची फक्त त्याला. ती बनवली तेव्हा मशीनने आपणहून तशी ठेवली होती आणि आम्ही दोघं फाइलीच चाचपत बसलो होतो. त्याने मलाही तिथे लिहायची मुभा देणारी एक ओळ टाइप केली. मी कमांड दिली. फाइली एकामागून एक आत गेल्या.

साहेबांनी सही केली आणि हसत हात पुढे केला. “अहो, मनावर घेऊ नका.”

दादाने कागद घडी करून खिशात ठेवला. साहेबांचा हात तसाच राहिला.

“माझं लॉगिन आत्ता, माझ्यासमोर काढून टाका,” तो म्हणाला. “उद्या काय बिघडलं तर माझं नाव यायला नको.”

गाडी दारात खोळंबली होती. तरी लॉगिन काढून होईपर्यंत तो तिथून हलला नाही.