वॉकीटॉकीवरचा मावसभाऊ

रिदवान काही लढवय्या नव्हता. सीरियात, रस्तन गावी तो दारं-खिडक्या करायचा. लढाईत गाव सुटलं, आई तिथंच मागं राहिली, सरहद्दीवरच्या तंबूत संसार आला आणि तिथंच त्याला दलाल भेटला. "लिबियात नुसती राखण करायची. गोळी झाडायचं कामच नाही," दलाल म्हणाला. बायकोनं हात धरला, "नका जाऊ." पण धाकट्या लेकीचा खोकला हटत नव्हता आणि औषधाला पैसा नव्हता. तो गेला.

त्रिपोलीबाहेरच्या एका अर्धवट बांधलेल्या बंगल्यात त्याची टोळी होती. उखळी तोफेला गोळे उचलून द्यायचं काम त्याच्याकडे आलं. समोर ऑलिव्हची बाग, पलीकडे शत्रू. शत्रूकडेही पगारी सीरियनच. वॉकीटॉकीवर दोन्हीकडून शिव्यांचा रतीब चाले.

एका दुपारी पलीकडून आवाज आला, "काय रे भाडोत्र्यांनो, जेवलात का? की मालक उपाशी मारतोय?"

रिदवान चपापला. तो हेल रस्तनचा होता.

"शद्दाद?"

"कोण बोलतंय?"

"मी रिदवान. तुझा मावसभाऊ."

"या अल्ला! जाड्या, तू इथं?"

"आणि तू कुणाला रे भाडोत्री म्हणतोस?"

दोघंही हसले. मग शद्दादचा आवाज खाली आला. "तुझी आई गेली रे, रमजानच्या आधी. कळवायचं कुठं? माझ्या आईचा नंबर घे, तिला फोन कर."

रिदवाननं नंबर मनगटावर लिहिला. रडूसुद्धा धड फुटेना.

संध्याकाळी हुकूम आला: बागेपलीकडच्या घरावर मारा.

"कमांडरसाहेब, माझा भाऊ आहे तिथं," रिदवान म्हणाला.

"इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथं आहे. गोळा दे."

रिदवान हाताची घडी घालून उभा राहिला. कमांडर चिडलासुद्धा नाही. त्यानं दुसऱ्याला खूण केली. रिदवानच्या नकारानं एक गोळाही कमी पडला नाही. नंतर तो वॉकीटॉकीत घसा बसेपर्यंत हाका मारत राहिला. पलीकडे नुसती खरखर.

पुढं युद्धबंदी झाली, तरी टोळीला कुणी घरी सोडेना. एके दिवशी त्यानं धीर करून मावशीला फोन लावला, लिबियातून बोलतोय म्हणून सांगितलं.

"रिदवान! बाळा, जिवंत आहेस!" म्हातारी रडायलाच लागली. "अरे, आमचा शद्दादही तिकडेच आहे म्हणे. फोन लागत नाही त्याचा. मोठा भाऊ ना तू? जरा लक्ष ठेव हं त्याच्यावर."

"हो मावशी," रिदवान म्हणाला. आणखी काय म्हणणार?