गोळ्यांचा शिरा

माझे बाबा साठीपर्यंत देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहिले. आई आत जाऊन घंटा वाजवून, प्रदक्षिणा घालून यायची आणि बाबा तोवर रस्त्यावरची रहदारी बघायचे. ते नास्तिक वगैरे नव्हते, त्यांना फक्त त्या प्रकारात रस नव्हता. मग एका वर्षी त्यांच्या रक्तात साखर निघाली आणि बाबांना देवाची ओढ लागली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आमच्या लक्षात यायला बराच काळ गेला. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत श्रावण लागला की आज या बिल्डिंगमध्ये, उद्या त्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण असतो. बाबा इस्त्रीचा झब्बा घालून सगळीकडे वेळेवर हजर. पुढे गणपतीत दारोदार मोदक, नवरात्रात टेंभी नाक्याची देवी. पोथी चालू असताना ते डोळे मिटून बसायचे, म्हणून शेजाऱ्यांना त्यांच्याबद्दल फार आदर वाटू लागला. प्रसाद नाकारायचा नसतो हे त्यांनी उतारवयात तत्त्व म्हणून स्वीकारलं. घरातला साखरेचा डबा आईने वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता, पण दुसऱ्यांच्या घरच्या देवापुढे तिचं काय चालणार?

आईला साखरेची भीती होती आणि ती ऐकीव नव्हती. तिचं माहेर कोपरीचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. पूर्वी मिठागरांवर राबलेली ती माणसं, नंतर जमिनींना भाव आले आणि सगळे बसून खायला लागले. त्यात माझ्या मामाला शुगर झाली. त्याने ती मनावर घेतली नाही. पायाच्या बोटाला ठेच लागली, ती चिघळली, आधी बोट काढलं, मग पाऊल. मलमपट्टीला आई रोज कोपरीला जायची. मामा पलंगावर बसून म्हणायचा, "पाय गेला तं गेला, जिलेबी तं खाल्ली." सगळे हसायचे. आई हसली नाही, आणि मामा गेल्यावर तर तिच्यासमोर हे वाक्य कोणी उच्चारतही नसे.

त्यामुळे गेल्या वर्षी आषाढात बाबांच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चपलेचा पट्टा लागून जखम झाली आणि ती बरी होईना, तेव्हा आईची झोप उडाली. मी डोंबिवलीहून आले आणि दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी जखम पाहिली, रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, खाण्यात काय येतं. बाबांनी भाकरी, पालेभाजी, कारलं अशी यादी सांगितली. ती ऐकून मलाच त्यांची दया आली. आई मध्येच म्हणाली, "आणि श्रावणात आठवड्याला तीन सत्यनारायण."

डॉक्टरांनी बाबांना सरळ सांगितलं की हे असंच चाललं तर बोट राहील याची खात्री मी देऊ शकत नाही. बाबा बोटाकडे बघत राहिले.

त्याच भेटीत मी डॉक्टरांना गोडाच्या गोळ्यांचंही विचारून घेतलं, कारण त्यावरून आमच्या घरात भांडण चालू होतं. बाबा चहात साखरेऐवजी त्या पांढऱ्या चिमुकल्या गोळ्या टाकत. शिवाय दुपारी जेवणानंतर त्यांना डायट सोड्याचा एक कॅन लागे. तो फ्रिजच्या दारात आईच्या कोकम सरबताच्या बाटलीला खेटून असायचा आणि आई त्याच्याकडे घरात परका माणूस शिरल्यासारखं बघायची. तिचं म्हणणं साधं होतं. गोड लागतं आणि साखर नाही, म्हणजे नक्की काहीतरी लपवलंय.

तिला दारूगोळा पुरवायचा तो माझा दादा, कल्याणहून. दादा आमच्याकडे क्वचित येतो पण मेसेज रोज पाठवतो. गोळ्यांनी मेंदू झिजतो, सोड्याने हाडं विरघळतात, परदेशात यावर बंदी आहे, आपल्यालाच मूर्ख बनवतात. प्रत्येक मेसेजखाली पुढे पाठवा असं लिहिलेलं आणि दादा आज्ञाधारक. माझा स्वभाव मुळात भडकू. मी प्रत्येक मेसेजला हे कुठे लिहिलंय, कोणी लिहिलंय, असं विचारायचे. तो हात जोडल्याचं चित्र पाठवायचा. एकदा त्याने बाबांना फोनवर सांगितलं की या गोळ्यांनी स्मरणशक्ती जाते. बाबा म्हणाले, जाऊ दे, तुझे मेसेज तरी विसरेन.

तर डॉक्टर म्हणाले, "साखरेपेक्षा बऱ्या, पाण्यापेक्षा वाईट." चहात दोन गोळ्या घेतल्या तर काही आभाळ कोसळत नाही, सोडा रोज कशाला, कधीतरी प्या. आयुष्यभर घेतल्यावर नक्की काय होतं यावर अजून वाद आहेत, आणि गोळी घेतली म्हणून वजन उतरतं वगैरे समजू नका. मग आईकडे वळून ते म्हणाले, "यांना गोळीने काही होणार नाही. झालं तर शिऱ्याने होईल."

मी हे दादाला जसंच्या तसं कळवलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आईने मात्र डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तेवढं मनात ठेवलं आणि त्यावर विचार करत बसली.

श्रावणात आमच्याही घरी सत्यनारायण असतो. आईने तो बंद करावा असं मी सुचवून पाहिलं. मामाचा पाय गेला त्या वर्षीही तिने तो चुकवला नव्हता, त्यामुळे माझं सुचवणं फुकट गेलं. पूजेच्या दिवशी मी दुपारीच पोचले, तर बाबा खालच्या दुकानातून नागवेलीची पानं आणायला गेले होते आणि आई सोवळ्यात, ओट्यापाशी खलबत्ता घेऊन बसलेली. मला वाटलं वेलदोडे कुटतेय. जवळ गेले तर खलात गोडाच्या गोळ्या. डबीमागून डबी ती खलात रिकामी करत होती.

"कोणाला सांगू नको," आई म्हणाली. "आपल्या घरी तरी ते पोटभर खातील."

आता सत्यनारायणाच्या शिऱ्याचं माप कोणालाही माहीत असतं. सगळं सव्वाच्या हिशेबात, जितका रवा तितकी साखर, तितकंच तूप. साखरेऐवजी कुठल्याशा कारखान्यातल्या गोळ्या टाकलेल्या देवाला चालतात का, असं मी तिला विचारलं. गुरुजींना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून तिने त्यांना विचारलंच नव्हतं. शास्त्रापुरती चिमूटभर खरी साखर ती वरून घालणार होती. केळंही शुगरवाल्यांना वाईट म्हणून तिने एकच केळं घेतलं होतं. रव्यानेही साखर वाढते हे आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं, पण ते त्या क्षणी कोणी काढलं नाही.

तिने रवा तुपात खमंग भाजला, दूध-पाणी घातलं, ती पूड टाकली, झाकण ठेवून चांगली दणदणीत वाफ काढली. वास उत्तम सुटला. रंग जरा फिका आणि पोत थोडा कोरडा वाटत होता, पण तिने तूप आणखी एक पळी सोडून ते निभावलं. चव बघण्याचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य दाखवल्याशिवाय शिरा चाखायचा नसतो, आमच्याकडे तर वासही मुद्दाम घ्यायचा नसतो. आयुष्यभर आईने हा शिरा न चाखता केला आणि तो कधी बिघडला नाही. तिचा हात मापावर बसलेला होता, फक्त ते माप साखरेचं होतं.

बाबा चहात गोळी टाकायचे ती कपात, चहा गाळून झाल्यावर. ती उकळल्यावर काय होतं हे आमच्या घरात कोणी बघितलेलं नव्हतं. त्या जातीच्या गोळ्यांचा गोडपणा आचेवर उडून जातो. डबीवर तसं बारीक अक्षरात छापलेलंही होतं.

संध्याकाळी पूजा झाली. आई-बाबा पाटावर बसले, गुरुजींनी पोथी वाचली, आरती झाली, नैवेद्य दाखवला, आणि घर भरून लोक प्रसादाला बसले. बाहेर द्रोण पोचवायचं काम माझ्याकडे होतं. आधी गुरुजींनी घेतला. त्यांनी पहिला घास तोंडात टाकला, क्षणभर चावणं थांबवलं, डोळे मिटले आणि पुन्हा चावू लागले. मला वाटलं भक्तिभाव दाटला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. या काकू कॉलनीत कोणाच्याही घरी जेवल्या की पोळी वातड होती, आमटी पाणचट होती हे जिन्यातच सांगतात. त्यांनी घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, शिऱ्याकडे पाहिलं, द्रोण कपाळाला लावला आणि मुकाट्याने खाऊ लागल्या.

तेव्हा मी आडोशाला जाऊन माझ्या द्रोणातला घास घेतला. भाजलेल्या रव्याला तूप लावल्यावर जसं लागेल तसं लागलं, बाकी काही नाही. केळ्याचा तुकडा ज्याच्या वाट्याला आला तो नशीबवान.

प्रसादाला नावं ठेवता येत नाहीत, टाकता येत नाही, आणि उरवताही येत नाही. त्यामुळे आमच्या घरात त्या संध्याकाळी तीसेक माणसं अत्यंत गंभीर चेहऱ्याने शिरा गिळत होती. एका गृहस्थांनी पाणी दोनदा मागितलं. कोणीतरी मोकळा झालाय म्हणालं, कोणीतरी तूप चांगलं आहे म्हणालं, घरचं का? गोड हा शब्द मात्र कोणी काढला नाही. घरच्यांसाठी बांधून देऊ का विचारलं तर सगळ्यांना अचानक उशीर झाला होता.

आईचं या कशाकडेही लक्ष नव्हतं. ती बाबांना वाढत होती. द्रोण नाही, घरातली मोठी वाटी घेऊन तिने ती स्वतःच्या हाताने काठोकाठ भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. इतर वेळी ती दारातून त्यांच्या हातावर नजर ठेवून असायची आणि ते पाठ करून खायचे. तिने हळूच त्यांना गोळ्यांचं सांगितलं, तसे ते तिच्यासमोर मांडी घालून सावकाश खायला लागले. वाटी संपली. बाबा म्हणाले, छान झालाय, अजून वाढ. आईने आणखी वाढला. तिचा चेहरा इतका निवांत मी त्या आषाढापासून पाहिला नव्हता. मी मधे पडून काही सांगावं असं मला अजिबात वाटलं नाही.

सगळे गेल्यावर आई उपास सोडायला बसली. आधी प्रसाद घ्यायचा म्हणून तिने शिऱ्याचा घास घेतला. मग आणखी एक घास घेऊन बघितला.

"अहो, हा गोड नाहीये," ती म्हणाली.

बाबा खुर्चीत बसून बोटाची पट्टी बदलत होते. ते हो म्हणाले.

"तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच घासाला कळलं."

"मग परत कशाला मागितलात?"

बाबांनी पट्टीचं टोक नीट चिकटवलं. "तू भरून दिलास," ते म्हणाले. "आणि समोर बसून बघत होतीस, तरी तुझ्या तोंडावर भीती नव्हती. किती वर्षांनी. म्हणून मागितला."

आई उठली. मला वाटलं आता ती आत जाऊन रडणार, आणि खरं तर मलाच रडू येत होतं. पण तिने फळीवरून उरलेली एक डबी काढली, दोन गोळ्या चमच्याने चुरल्या आणि स्वतःच्या गार शिऱ्यावर भुरभुरवल्या. शुगर नसलेल्या माझ्या आईने ती गोळी जन्मात पहिल्यांदा तोंडात घातली.

"मागून कडवट लागतं," ती म्हणाली.

"सवय होते," बाबा म्हणाले.

तिने वाटी संपवली. त्या श्रावणात बाबा पुढे कोणाच्याही पूजेला गेले नाहीत. त्यांना बरं नाही का, अशी शेजाऱ्यांनी चौकशी केली. जखम भरायला दिवाळी उजाडली. बोट अजून आहे.

आई हल्ली स्वतःच्या चहातही गोळीच घेते, गाळून झाल्यावर. दादा आला होता तेव्हा त्याने ते पाहिलं आणि हबकला. आई, तुला तर शुगर पण नाही, तू कशाला घेतेस, ती वाईट असते, मी तुला पाठवलंय ना, असं तो म्हणाला. आईने त्याच्या कपात साखर घातली आणि ढवळून त्याच्यापुढे ठेवला.

"असेल वाईट," ती म्हणाली. "त्यांनी एकट्यानेच का घ्यायची?"