तांदळाच्या डब्यातलं पुस्तक

नंदू,

वाकोल्याचं घर सोडलं तेव्हा माझ्या एका हातात कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात आप्पांचं रक्त लागलेलं पुस्तक. तू दारात उभा होतास, पंधरा वर्षांचा, हातात ओला पंचा घेऊन. आप्पा मोरीपाशी भिंतीला टेकून बसले होते. भुवईवरून रक्त गळत होतं आणि ते शिव्या द्यायचंही विसरले होते. तापाने फणफणलेली आई गोधडीतून उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "जा चेडवा. फाटी वळान बघू नको." भर दुपार होती. शेजारणी आपापल्या दारात उभ्या होत्या, पण एकीनेही काही विचारलं नाही. कुर्ल्याला बस बदलून मी मुलुंडला उतरले.

लोक हसतात मला. वाकोल्याहून मुलुंडला आलीस नि त्याला स्थलांतर म्हणतेस! हसू देत. अमेरिकेला गेलेले लोक दरवर्षी सुट्टीला येतात आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन परत जातात. मी दोन बसच्या अंतरावर राहून सात वर्षं त्या घराची पायरी चढले नाही. चढले ती आप्पांच्या तेराव्याला.

दर दिवाळीत मी आपल्या चाळीतून बाहेर पडलेल्यांच्या ग्रुपवर यादी टाकते, वर्षभरात काय चांगलं वाचलं त्याची. सोसायटीच्या ऑफिसातली पुस्तकांची दोन कपाटं माझ्या ताब्यात असल्यामुळे मोठ्यांचं, पोरांचं सगळंच माझ्या हाताखालून जातं. बोरिवलीची शैला तर दसरा झाला की लगेच मागे लागते, "यार, यादी कुठाय?" यंदा यादीत तीनच पुस्तकं आहेत आणि ग्रुपवर जायच्या आधी ती तुला पाठवतेय. दोन पुस्तकं या पार्सलमध्येच आहेत. तिसऱ्याचं शेवटी सांगते.

आधी ती दुपार. तू ती जशी सांगतोस तशी माझ्या कानावर आलीय. 'ताईने आप्पांवर हात उचलला' इथून तुझी गोष्ट सुरू होते. माझी जरा आधीपासून आहे.

आप्पा गिरणीत होते तोवर बरे होते असं आई सांगायची. मग कुणीतरी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली, आणि महिन्याभराने कळलं की आपणच राजीखुशीने काम सोडल्याचं लिहून दिलंय. त्यानंतर घरात छापील अक्षर दिसलं की त्यांच्या अंगाची आग व्हायची. "पुस्तकां वाचून काय कलेक्टर होतलंस?" म्हणायचे आणि पट्टा काढायचे. न वाचल्यामुळे ज्याची वाट लागली तो माणूस वाचणाऱ्याला मारत होता. हे तेव्हा मला कळलं असतं तरी पट्टा काही कमी लागला नसता.

म्हणून मी लायब्ररीची पुस्तकं तांदळाच्या डब्यात लपवायची. आपल्या घरात पुरुषाने त्या डब्यात हात घातल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आईला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती पुस्तक हळूच बाजूला सारायची, मापभर तांदूळ काढायची आणि वरून परत तांदूळ पसरायची. आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची, "तांदूळ मी काढतंय, तू हात घालू नको." चार वर्षं आम्हा दोघींचं हे बिनबोभाट चाललं. त्या दिवशी आईला ताप होता, मी कामावरून यायची होते आणि आप्पांच्या मनात जन्मात पहिल्यांदाच आलं की आज भात आपण टाकावा.

मी दारात आले तेव्हा ते पानं फाडून पेटत्या स्टोव्हवर टाकत होते. मला बघितल्यावर वेणी धरून त्यांनी मला आत ओढलं. पट्ट्याचं बक्कल पाठीत बसलं, मग मानेवर, मग कानावर. आई मध्ये पडली. त्यांनी तापाने जळणाऱ्या त्या बाईच्या पोटात लाथ घातली. इथपर्यंतचं तू पाहिलं नाहीस, तू खाली नळावर होतास. लायब्ररीचं बाइंडिंग कसलं जाड असतं तुला माहीत आहे, कोपरे नुसते दगड. उरलेलं पुस्तक जमिनीवर पडलं होतं. ते दोन्ही हातांनी उचलून मी त्यांच्या भुवईवर घातलं. ते खाली बसले. मग मी दुसऱ्यांदा मारलं.

दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पहिला आईसाठी होता. दुसरा मी मारायचा म्हणून मारला, आणि मारताना मला फार बरं वाटलं. तू वर आलास तो नेमका त्या दुसऱ्या फटक्याला. म्हणजे तुझी गोष्ट काही खोटी नाही.

आता पुस्तकं. पहिली कादंबरी आहे, मढसारख्याच एका किनाऱ्यावरच्या गावातली. दोन भाऊ आणि बापाची एक होडी. सुरुवातीलाच खून आहे. धाकटा मोठ्याला जाळ्यापायी कोयत्याने तोडतो, आणि ते वार असे लिहिलेत की मी पुस्तक पालथं ठेवून तांब्याभर पाणी प्याले. पण विषय खुनाचा नाहीच. विषय आहे त्याआधीच्या वर्षांचा. बाप वल्ह्याने मोठ्याला मारतो, मोठा धाकट्याला, धाकटा कुत्र्याला. जुना सदरा घरात थोरल्याकडून धाकट्याकडे जावा तसा मार फिरत राहतो. मासळीची वर्णनं झकास आहेत, तुझ्या तोंडाला पाणी सुटेल. शेवट मात्र मला पटला नाही. मेलेल्याच्या बायकोला सगळं माफ करायला लावलंय. मी नसतं केलं.

दुसरं पुस्तक एका डॉक्टरीणबाईंचं आहे. गोष्ट नाही, त्यांचा अनुभव आहे. आयुष्यभर सरकारी इस्पितळात अपघाताचा वॉर्ड सांभाळला त्यांनी. फुटलेली डोकी, भाजलेल्या पाठी, मोडलेली मनगटं, सगळं थंड डोक्याने लिहितात, एकदाही गळा काढत नाहीत. त्यातलं एक प्रकरण नुसत्या उत्तरांचं आहे. काय झालं असं विचारल्यावर बायका आणि पोरं काय सांगतात, त्याचं. पडले. घसरले. दार लागलं. बाई लिहितात की दारामुळे दंडावर चार बोटं उमटलेली त्यांनी काही पाहिली नाहीत.

ते वाचून मी हसले. आठवतं ना, आप्पांनी त्या भुवईचं सगळ्या चाळीला काय सांगितलं? "दार लागला." मरेपर्यंत तेच सांगत होते. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ती माया होती की लाज, कोण जाणे. आपल्या घरातलं दार फारच माजलेलं होतं रे. आईला लागलं, मला लागलं, तुला लागलं, शेवटी खुद्द आप्पांनाही लागलं.

मी शहाणी म्हणून हे लिहीत नाहीये. माझा निनाद सहा वर्षांचा असताना मी त्याला लाटण्याने मारलं. कारण आठवत नाही, लाटणं आठवतं. त्याच्या मांडीवरचा वळही आठवतो. संध्याकाळी केसांवरून हात फिरवायला गेले तर माझ्या पोराने डोकं कोपरात लपवलं. तसं कोपर वर करायची सवय तुला होती आणि मला होती. ते मी मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, माझ्याच स्वयंपाकघरात पाहिलं. घर सोडताना मागे वळून बघितलं नव्हतं मी, तरी ते घर पिशवीतून आलंच होतं.

त्या दिवसापासून राग चढला की मी हाताला येईल ते पुस्तक उघडते आणि दोन्ही हातांनी धरते. वाचत नाही, नुसतं धरते. दोन्ही हात गुंतले की मारायला हात मोकळा राहत नाही. पहिल्या वर्षी आठवडाभर एकच पान समोर असायचं. आज निनाद सोळाचा आहे. मी लॅच उघडून घरात आले तरी तो वाचत असला तर मान वर करत नाही. मला त्याचा राग यायचा. नंतर कळलं की या शहरात मी दुसरं काही कमावलेलं नाही, एवढंच कमावलंय. माझी मान मात्र अजून किल्ली वाजली की वर होते.

आता यंदाच्या गणपतीचं. वाकोल्याला तू बाहेरच्या खोलीत आरास करत होतास, तुझी सुजाता नारळ खवत होती. भात टाकायचा म्हणून मी डब्यात हात घातला आणि बोटांना कोपरा लागला. पुस्तकाचा कोपरा. मान वळवली तर तुझी सई दारात उभी होती. दहा वर्षांची पोर, तोंड पांढरंफटक. परकरावरच्या पोलक्याची बाही वर सरकली होती आणि दंडावर चार बोटं होती. काय गं हे, म्हटलं, तर म्हणाली, "दार लागलं, आत्या."

आणि मी काय केलं माहितीय? वरून दोन मुठी तांदूळ पसरले. तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "सुजाता, तांदूळ मी काढते गं." आईचं वाक्य जसंच्या तसं माझ्या तोंडातून आलं. मोदक खाल्ले, आरती केली, तुला हसून अच्छा केलं आणि निघाले. आप्पांच्या डोक्यात दोनदा पुस्तक घालणारी मी, तुला एका शब्दाने बोलले नाही. या गोष्टीची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या दुसऱ्या फटक्याचीही वाटत नाही.

म्हणून ऐक. सई आणि सुजाता दिवाळीच्या सुट्टीला माझ्याकडे आल्यात असं तू समजतोयस. सुट्टी संपली तरी त्या परत येणार नाहीत. हे सुजाताने ठरवलंय. "ताई, तुम्ही लिहा. मी बोलायला गेले तर मला फोनवर रडूच येईल," म्हणाली. सईची लपवायची जागा मी फोडतेय तीही तिला विचारून. ती म्हणाली, "सांग. पण पप्पांना सांग, फाडायचं नाही."

तिसरं पुस्तक मी पार्सलमध्ये घातलेलं नाही. ते तुझ्याच घरात आहे, तांदळाच्या डब्यात, तळाशी. तिच्या वाढदिवसाला मीच दिलं होतं. एका कुर्लीची गोष्ट आहे. तिला मिठी मारता येत नाही, मारली की समोरच्याचं काहीतरी तुटतं. एकदा ती बाजारात जाते, तिथे कोळीण खेकड्यांच्या नांग्या सुतळीने बांधत बसलेली असते. कुर्ली आपण होऊन पुढे जाते आणि म्हणते, माझ्याही बांध. पुढचं सांगत नाही. चित्रंच जास्त आहेत, चहा निवायच्या आत वाचून होईल.

घर म्हणजे काय यावर तू एकदा लिहीच, असं शैला मला दरवर्षी म्हणते. मला आता एवढंच ठाऊक आहे. तांदळाच्या डब्यात जिथे फक्त तांदूळ असतो ते घर. वाकोल्याचं आपलं घर तसं झालं, तर आईचं न ऐकता मी फाटी वळून बघेन.

आज डबा उघड, नंदू. हात आत घाल. कोपरा लागेल, आप्पांना लागला होता तसाच. त्यानंतर काय करायचं ते त्यांनी एकदा करून दाखवलंय आणि त्याचं काय झालं तेही तू दारात उभं राहून पाहिलंयस. तू तिथेच ओट्यापाशी खाली बस. पुस्तक दोन्ही हातांनी धर आणि वाच. मग मुलुंडला ये आणि सईला सांग कसं वाटलं ते. परत यायचं की नाही ते सई आणि सुजाता ठरवतील.

आणि वाचून झालं की ते परत डब्यात ठेवू नकोस.

ताई