रोयणीला घातलेलं औषध

गेल्या पावसाळ्यात मी देवीला विष घातलं.

(देवी म्हणजे वारूळ. आमच्या मिठबावात वाळवीच्या वारुळाला रोयण म्हणतात आणि रोयणीला देवी मानतात.) ही वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते, तिच्यावर जगते. पावसात त्याच शेतातून अळंबी वर येतात. आमच्या परसातल्या अळंबींवर हक्क ताईचा. वडील गेल्यावर तिने जमिनीत वाटा मागितला नाही, मागितली ती फक्त ही अळंबी! दरवर्षी बांद्याहून यायची, रोयणीवर जास्वंद ठेवायची आणि टोपली भरायची.

पण वाळवीने माझा नवाकोरा दरवाजा खायला घेतला. मी तडक औषधाच्या दुकानात गेलो.

"किडे मारून काय व्हता?" दुकानदार म्हणाला. "तेंची बुरशी मारूची. शेती बुडाली काय शेतकरी आपसूक मरता!"

मी स्वतः आंबा बागायतदार. तरी खो खो हसलो आणि डबा घेऊन आलो. बायको देवळात गेल्याचं बघून (देवीला गाऱ्हाणं घालायला!) सगळं औषध रोयणीत ओतलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात बाजारातून परतलो, तर घरभर खोबऱ्याच्या वाटपाचा वास. ताई चुलीपाशी!

"अळमी? खंय मेळली?"

"रोयणीर! इतकी कधीच येवक नाय रे. देवी पावली!"

औषधाआधीच रुजलेली असणार. मी चुलीपाशी धावलो.

"ताई, ती खाव नको. माझा पोट बरा नाय."

"मगे तू खाव नको. मी खातंय."

"तेका म्हशीन तोंड लावल्यान!"

"आमची म्हस खंय आसा?" बायको आतून ओरडली.

ताईने पहिला घास उचलला. मी ताट हिसकावलं, टोप उचलला आणि सगळं गटारात ओतलं! ताईचा हात तसाच राहिला.

"चार अळमी जड झाली तुका?" ती म्हणाली. "मी जमिनीत वाटो मागलंय कधी?"

कंजूष भाऊ ठरायचं की पापी? मी खरं बोललो. वाटलं, जीव वाचवल्याबद्दल गळ्यात पडेल!

"अगो, इख आसा त्यात! मीच रोयणीत औषध घातलंय!"

"म्हणजे आधी देवीक मारलंस," ताई हळूच म्हणाली, "आणि मगे माका सांगूक पण नाय."

रिकामी टोपली घेऊन ती उठली. बायकोने हात धरला, मी पाया पडलो, पण तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

यंदा रोयण नुसतीच भिजली, अळंबी एकही आली नाही. फोन केला तर भाचा सांगतो, आई कामात आहे. फार वाईट वाटतं, पण सांगणार कुणाला? औषध मात्र जालीम निघालं! माझ्या घरी येणाऱ्या दोघींपैकी एकीचं येणं मुळासकट बंद झालं. वाळवी खुशाल आहे.